धक्का सोसणारा चिमटा

समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसाला धक्क्यांचे नवल वाटत नाही. हर्णे बंदरावर सायंकाळी थोडा वेळ उभे राहिले, म्हणजे याची खूण पटते. समोर पाण्यात सुवर्णदुर्गाचा तट उभा असतो आणि अलीकडे मासेमारीच्या नौकांची दाटी झालेली असते. लाट आली की सगळ्या नौका एकदम वर उचलल्या जातात. लाट ओसरली की अलगद खाली बसतात. त्यांच्या नांगरांचे दोर नीट पाहिले, तर ते ताठ ओढलेले दिसत नाहीत. प्रत्येक दोराला थोडी ढील ठेवलेली असते. ती नसती, तर नौकेला लाटेबरोबर उठता आले नसते आणि पहिल्याच मोठ्या लाटेला दोर तरी तुटला असता किंवा नांगर तरी उपटला असता. नौकांच्या कडांना जुने टायर टांगलेले असतात. दोन नौका एकमेकींवर आल्या, तरी फळी फळीवर आदळत नाही. मध्ये रबर दबते आणि आघात बोथट होतो. समुद्रावर 'धक्का बसूच नये' अशी व्यवस्था करता येत नाही. 'धक्का बसला तरी मोडू नये' एवढीच करता येते, आणि दर्यावर्दी लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे.

जमिनीवरच्या वाटाही हर्ण्यात फारशा सौम्य नाहीत. बंदर खाली, वस्ती काही खाली तर काही चढावर, आणि दापोलीकडे जाणारा सुमारे १५ किलोमीटरचा रस्ता आसूदच्या बाजूने घाट चढून जाणारा. ही भूमी जांभ्या दगडाची. पावसाळ्यात उतारावरून धावणारे पाणी रस्त्याच्या कडा खाते, डांबराला खड्डे पाडते आणि तांबडी माती वाटेवर आणून टाकते. किनाऱ्यावर मासळी आणण्यासाठी बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात. त्यांच्या आसाला स्प्रिंग नसते. चाक जेवढे उचलले जाते, तेवढीच गाडीही उचलली जाते. टोपलीतल्या मासळीला त्याचे सुखदुःख नसते. परंतु त्याच गावच्या वाटांनी सायकलीवरून शाळेला जाणाऱ्या मुलांना ते असते. म्हणून त्यांच्या सायकलीच्या एका भागाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

सायकलीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो दुपायी भाग, त्याला चिमटा म्हणतात. नाव अगदी समर्पक आहे. चुलीतला निखारा चिमट्याच्या दोन पात्यांत धरावा, तसे चाक या दोन पायांत धरलेले असते. पायांच्या खालच्या टोकांना खाचा असतात आणि त्यांत चाकाचा आस बसतो. वर दोन्ही पाय एकत्र येतात आणि तेथून एक दांडा सायकलीच्या सांगाड्यातील पुढच्या नळीतून वर जाऊन हँडलला मिळतो. या नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी एकेक वाटी असते आणि वाटीत छर्रे असतात. त्या छर्‍यांवरच चिमटा डावीउजवीकडे सहज फिरतो. चाक धरणे, पुढच्या भागावर येणारा भार पेलणे आणि स्वार वळवील तिकडे चाकाला वळविणे, अशी तीन कामे हा एक भाग निमूटपणे करीत असतो. ब्रेक लावला, की चाकाला रोखण्याचा सारा ताणही यानेच सोसावयाचा असतो. सायकलीचा इतर कोणताही भाग बिघडला, तर स्वाराला बहुधा पायी चालावे लागते. चिमटा मोडला, तर तो स्वाराला तोंडावर पाडतो.

साध्या चिमट्याचे पाय पोलादी नळ्यांचे आणि ताठ असतात. मग खड्ड्याचा धक्का कोण सोसतो? त्याचा बराचसा वाटा टायर सोसतो. १८६० च्या दशकात युरोपात ज्या सायकली निघाल्या, त्यांच्या लाकडी चाकांना लोखंडी धावा होत्या. त्या दगडी रस्त्यांवरून अशा हादरत, की इंग्लंडातील लोकांनी त्यांना 'हाडे खिळखिळी करणारी' असेच नाव ठेवले. पुढे बेलफास्ट येथे राहणारे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. रबराच्या कवचात कोंडलेली हवा हीच सायकलीची पहिली मऊ गादी होय. आजही साध्या सायकलीचा स्वार प्रामुख्याने या हवेवरच बसलेला असतो.

अलीकडे मात्र गावोगावच्या मुलांना साधा चिमटा पुरेसा वाटत नाही. जाड टायरांची, गेअरची आणि 'शॉकअप'ची सायकल हवी, असा त्यांचा हट्ट असतो. शॉकअप म्हणजे धक्का बसताच आत दबणारा आणि पुन्हा वर येणारा चिमटा. दुकानात सायकल उभी असता हँडलवर भार देऊन तो खालीवर दाबून पाहण्यात एक मौज असते, आणि पुष्कळदा सायकलीची परीक्षा तेवढ्यावरच संपते.

हर्ण्याजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या, आठवीत शिकणाऱ्या एका मुलीजवळ अशीच सायकल होती. तिचा थोरला भाऊ मासेमारीच्या नौकेवर खलाशी होता. एका हंगामाच्या मजुरीतून त्याने दापोलीहून ती वापरलेली सायकल विकत आणली होती. मुलगी तिच्यावरून शाळेला जाई. मागे कॅरियरवर पाचवीतला धाकटा भाऊ बसे. संध्याकाळी आई मासळीच्या लिलावाला गेलेली असली, म्हणजे मुलगी ओल्या वाळूवरून सायकल चालवीत तिच्याकडे जाई. कधी चाकांखालून लाटेची फेसाळ धार निघून जाई, तेव्हा तिला मोठा आनंद वाटे.

दोन पावसाळे गेले. नारळी पौर्णिमा उलटून गेली, नौका समुद्रात गेल्या आणि थोरला भाऊही गेला. एके सकाळी शाळेच्या वाटेवरील उतारावर पुढचे चाक खड्ड्यात गेले. एरवी दबणारा चिमटा दबला नाही. हँडलला जबर हिसका बसला, सायकल आडवी गेली आणि धाकटा भाऊ कॅरियरवरून फेकला गेला. कोपर सोलवटण्यावर निभावले, हे नशीब. मागून येणारी मोटार दूर होती, हे त्याहून मोठे नशीब. आईने त्या संध्याकाळी एवढेच सांगितले, "उद्यापासून दोघं चालत जा. दादा आला की सायकल विकून टाकू." मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. चालत जावयाचे म्हणजे पहाटेचे घरकाम आणि शाळेची घंटा यांचा मेळ बसणार नव्हता, आणि तो बसला नाही तर प्रथम काय सुटेल, हे तिला न सांगताही कळत होते.

दुसऱ्या दिवशी ती सायकल हाती धरून दुरुस्तीच्या दुकानाकडे गेली. दुकान कसले, पत्र्याची एक टपरी. बाहेर पंक्चर पाहण्यासाठी पाण्याने भरलेले घमेले, हवेचा हातपंप, आणि आत खिळ्यांना टांगलेली रिमे व पाने. तेथे बसणाऱ्या वृद्ध कारागिराला सारी मुले चाचा म्हणत.

"चाचा, शॉकअप दबत नाही. वरून थोडं तेल सोडा ना," ती म्हणाली.

"सोडतो की, बाय, पण तो का दबत नाही, ते आधी बघू या का?" चाचांनी विचारले. "ताप कशानं आला ते न बघता औषध दिलं, तर चालेल का?"

त्यांनी प्रथम एक साधी परीक्षा केली. पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरला आणि सायकल मागेपुढे हलविली. 'कटक कटक' असा बारीक आवाज आला. मग त्यांनी मुलीचे बोट हँडलखालच्या जोडावर ठेवावयास सांगून सायकल पुन्हा हलविली. तेथे काही जाणवले नाही. म्हणजे वाट्या व छर्रे ठीक होते. नंतर बोट चिमट्याच्या पायावर, जेथे वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत शिरते तेथे ठेवले. बोटाखाली स्पष्ट ठोका लागला. आतली नळी बाहेरच्या नळीत सैल झाली होती. सैल झालेली नळी दबावयास हवी होती. परंतु ती तर अडकून बसली होती. हे कोडे उलगडण्यासाठी चिमटा खोलणे प्राप्त होते.

चाक निघाले, ब्रेकची तार सुटली, हँडलची पकड सैल झाली, आणि चाचांनी सगळा चिमटा खाली ओढून काढून फडक्यावर ठेवला. पायांच्या तळाचे स्क्रू काढून त्यांनी एकेक भाग वेगळा केला आणि ओळीने मांडला.

सर्वांत वर होता दांडा, ज्याला हँडल जोडलेले असते. त्याच्या खाली दोन्ही पायांना जोडणारा आडवा जाड भाग होता. "हा क्राउन," चाचा म्हणाले. "माणसाला खांदे, तसा चिमट्याला हा. इथं चीर गेली, तर खेळ खलास. म्हणून सायकल पुसताना हा रोज बघायचा." क्राउनमधून खाली आलेल्या दोन गुळगुळीत नळ्या म्हणजे आतल्या नळ्या. त्या ज्यांत शिरतात, त्या खालच्या जाड नळ्या म्हणजे बाहेरच्या नळ्या. बाहेरच्या दोन्ही नळ्या एका कमानीने एकमेकींना जोडलेल्या असतात. ती कमान नसेल, तर एक पाय पुढे व एक मागे अशी ओढाताण होऊन चाक वाकडे चालेल. बाहेरच्या नळ्यांच्या तळाशी आस बसण्याच्या खाचा असतात. खड्डा आला, की चाकासह बाहेरच्या नळ्या वर सरकतात. आतल्या नळ्या, हँडल आणि स्वार मात्र जागच्या जागी राहण्याचा प्रयत्न करतात. शॉकअपचे सारे रहस्य एवढेच आहे.

नळीत नळी सरकावयाची, तर दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे बुश. या आतल्या बाजूस बसविलेल्या पातळ बांगड्या असतात. त्यांच्यामुळे नळ्या एकमेकींना घासत नाहीत आणि डगमगतही नाहीत. दुसरी म्हणजे बाहेरच्या नळीच्या तोंडाशी बसविलेली रबरी कडी. ती आतल्या नळीला सर्व बाजूंनी बिलगून असते. नळी खाली जाताना तिच्यावरची धूळ व पाणी ती पुसून बाहेरच ठेवते. घराच्या उंबऱ्यावर पायपुसणे असावे, तशी ही कडी. दिसावयास क्षुल्लक, परंतु ती फाटली, की आतल्या सगळ्या भागांचा नाश ओढवतो.

आतल्या नळीच्या वरचे झाकण काढल्यावर एक लांब स्प्रिंग बाहेर आली. चाचांनी ती मुलीच्या हाती दिली. "दाब बघू."

तिने दाबली. थोडी दाबावयास थोडा जोर लागला, अधिक दाबावयास अधिक. १६७८ मध्ये इंग्लंडातील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी स्प्रिंगचा जो नियम प्रसिद्ध केला, तो याच अनुभवात सामावलेला आहे. एका भाराने स्प्रिंग १ सेंटिमीटर दबत असेल, तर दुप्पट भाराने २ सेंटिमीटर दबेल. स्प्रिंगला तिच्या मर्यादेपलीकडे दाबले नाही, तोवर हे प्रमाण सुटत नाही. म्हणूनच जड माणसासाठी ताठ स्प्रिंग लागते आणि हलक्या माणसासाठी मऊ. स्वार नुसता सायकलीवर बसला, तरी चिमटा थोडा दबतो. एकूण १०० मिलिमीटर सरकणाऱ्या चिमट्यात ही पहिली दब २० ते २५ मिलिमीटर असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. ती वाया गेलेली नसते. रस्त्यात उंचवटे असतात तसे खळगेही असतात. चाक खळग्यात उतरताना चिमट्याला लांब होता यावे, यासाठी ती जागा राखून ठेवलेली असते.

मुलीने दाबलेली स्प्रिंग सोडली. ती टणकन उडाली आणि घमेल्यात जाऊन पडली.

चाचा हसले. "बघितलंस? स्प्रिंग धक्का घेते, पण ठेवून घेत नाही. घेतलेला परत करते."

या एका वाक्यात शॉकअपच्या विद्येचा अर्धा भाग आला. कोकणातल्या घराच्या ओटीवर झोपाळा असतो. त्याला एकदा ढकलले, तर तो एकदाच पुढे जाऊन थांबत नाही. किती तरी वेळ मागेपुढे होत राहतो. नुसत्या स्प्रिंगचेही तसेच. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग स्वाराला वर फेकते, पुन्हा दबते, पुन्हा फेकते. अशा वेळी चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि ज्या चाकाचा रस्त्याशी स्पर्श सुटला, त्याला ना वळविता येते, ना रोखता येते. म्हणून चांगल्या चिमट्यात स्प्रिंगला एक सोबती दिलेला असतो. एका पायात स्प्रिंग किंवा तिच्याऐवजी कोंडलेली हवा, आणि दुसऱ्या पायात तेल व दट्ट्या, अशी ती योजना असते.

हा दट्ट्या काय करतो, ते समजावयास होळीची पिचकारी पुरे. पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला, तर पाणी बारीक भोकातून सहज बाहेर येते. जोराने दाबला, तर हाताला विरोध होतो. चिमट्यातला दट्ट्या तेलात बुडालेला असतो आणि त्याला बारीक छिद्रे असतात. चिमटा दबला किंवा उसळू लागला, की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. हालचाल जितकी वेगाची, तितका तेलाचा विरोध मोठा. धक्क्याची शक्ती त्या घर्षणात खर्ची पडते, तेल किंचित तापते आणि चाक पुन्हा शांतपणे रस्त्यावर टेकते. स्प्रिंग धक्का स्वीकारते. तेल त्याचा शेवट करते. दोहोंपैकी एक नसले, तर काम अपुरे राहते.

"मग आपल्या चिमट्यात तेल कुठं आहे?" मुलीने विचारले.

"नाहीच मुळी," चाचा म्हणाले. "दुसरा पाय बघ. त्यात नुसती काठी आहे. स्वस्तातल्या कित्येक शॉकअपात असंच असतं. ग्रीस आणि रबराचा एक ठोकळा, एवढ्यावर भागवतात. तू तेल सोडायला आलीस खरी, पण ते जाणार कुठं?"

शॉकअपचा इतिहास पाहिला, तर ही विद्या सायकलीकडे मोटरसायकलीकडून आली असे दिसते. जर्मनीतील बीएमडब्ल्यू या कारखान्याने १९३५ मध्ये नळीत नळी सरकणारा आणि तेलाने आवरलेला चिमटा आपल्या मोटरसायकलीला बसविला. पुढे अमेरिकेत डोंगरवाटांवरून सायकली हाकण्याचा छंद वाढला, तेव्हा मोटरसायकलींच्या क्षेत्रात काम केलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये 'रॉकशॉक्स' ही संस्था काढून सायकलींसाठी असे चिमटे बनविण्यास आरंभ केला. त्यांचा पहिला चिमटा जेमतेम ५ सेंटिमीटर सरकत असे. तरी डोंगरउतारावर त्याने स्वारांचे हात व मनगटे वाचविली, आणि थोड्याच वर्षांत ती रीत जगभर पसरली.

याहून बोधप्रद गोष्ट फ्रान्समधील आहे. पॅरिस ते रूबे ही सायकलींची जुनी शर्यत तेथील ओबडधोबड दगडी रस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९९२ मध्ये ३७ वर्षांच्या जिल्बेर द्युक्लो-लासाल या फ्रेंच स्वाराने ती शॉकअप बसविलेल्या सायकलीवर जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. तेव्हा अनेकांना वाटले असेल, की आता प्रत्येक सायकलीला शॉकअप येणार. परंतु तसे झाले नाही. शर्यतीत त्याचे वजन वाहून न्यावे लागे आणि सपाट रस्त्यावर त्याचा उपयोग थोडा. कालांतराने रस्त्यावरील शर्यतींच्या सायकली पुन्हा ताठ चिमट्याकडे वळल्या आणि धक्के सोसण्याचे काम अधिक रुंद टायरांकडे आले. डोंगरवाटेला मात्र शॉकअप कायम राहिला. ज्याचे काम जेथे, त्याचे मोल तेथे. हा न्याय यंत्रांच्या बाबतीतही चुकत नाही.

हर्ण्याच्या टपरीत फडक्यावर मांडलेल्या त्या चिमट्याचे कोडे आता उलगडत आले होते. एका पायाची रबरी कडी फाटली होती. तेथून खारे पाणी आणि बारीक वाळू आत गेली होती. पोलादाला साधे पाणीही गंजविते. खाऱ्या पाण्यात तर गंज फार लवकर चढतो. आतल्या नळीवर, जेथे ती गुळगुळीत असावयास हवी, तेथे तांबडे डाग आणि टोचे पडले होते. वाळूने बुश घासून टाकले होते, म्हणून नळी सैल झाली; तळाशी गंज, ग्रीस आणि वाळू यांचा गोळा घट्ट बसला होता, म्हणून ती अडकली. सैलपणा आणि अडकणे ही एकाच कारणाची दोन फळे होती. लाटांच्या कडेने सायकल हाकण्याचा तो आनंद आठवून मुलगी क्षणभर गप्प राहिली.

"साफ करून बसवता येणार नाही का, चाचा?"

"येईल. चार दिवस चालेलही. पण या टोच्यांनी नवी कडी पुन्हा फाटेल, बाय. आणि मागं तुझा भाऊ बसतो. मी ते करून देणार नाही."

नवा चांगला शॉकअप घेण्याची ऐपत घरी नव्हती, आणि स्वस्तातला नवा घेतला असता, तर पुढील पावसाळ्यात त्याचीही हीच गत झाली असती. चाचांनी माळ्यावरून एक साधा पोलादी चिमटा काढला. तो कोठल्या तरी मोडीत निघालेल्या सायकलीचा होता. परंतु सरळ, निर्दोष आणि ब्रेक बसविण्याची सोय असलेला होता. तो बसेल की नाही, हे त्यांनी डोळ्यांनी ठरविले नाही. एक सुतळी घेऊन जुन्या चिमट्याची आसाच्या खाचेपासून क्राउनपर्यंतची उंची मोजली, तीच सुतळी नव्या चिमट्याला लावली. दांड्याची जाडीही ताडून पाहिली. चिमटा फार आखूड असता, तर सायकलीचे तोंड खाली झुकले असते आणि ती हँडलला नको इतकी चंचल झाली असती. दोन्ही मापे बहुतेक जुळली.

"ठरव आता तूच," चाचा म्हणाले. "हा दबणार नाही. मैत्रिणी विचारतील, शॉकअप कुठं गेला म्हणून."

मुलीने दोन्ही चिमटे दोन हातांत धरून पाहिले. जुना चिमटा कितीतरी जड होता. घरापासून शाळेपर्यंतचा चढ ती रोज तो ओझ्यासारखा वाहत होती. रस्ता डांबरी होता, खड्डे होते; परंतु डोंगरउतारावरून उड्या मारीत जावयाचे नव्हते. तिने साधा चिमटा पुढे केला.

"हाच बसवा. आणि धक्के?"

"त्याला टायर आहे की. तुझे टायर जाड आहेत. दगडासारखी हवा भरायची नाही, आणि खड्ड्यात रिम टेकेल इतकी कमीही ठेवायची नाही. खड्डा दिसला की वेग कमी करायचा, कोपरं थोडी सैल सोडायची. बाय, माणसाचे हात हाच पहिला शॉकअप."

दहा दिवसांनी थोरला भाऊ समुद्रावरून परतला. सायकलीकडे पाहताच त्याचा चेहरा उतरला. आपण मजुरीतून आणलेल्या वस्तूचा दिमाख कोणी तरी काढून घेतला, असे त्याला वाटले असावे. मुलीने कागदात गुंडाळून ठेवलेले जुने भाग आणून ओटीवर मांडले आणि क्राउनपासून खाचेपर्यंत एकेक भाग त्याला समजावून सांगितला. फाटलेली कडी दाखविली, नळीवरचे टोचे दाखविले, दुसऱ्या पायातली रिकामी काठी दाखविली. त्याने स्प्रिंग हातात घेऊन दाबली आणि हळूहळू सोडली. मग तो म्हणाला, "दोराला ढील द्यायची, पण दोर सुटू द्यायचा नाही. आमच्या नांगराचंही असंच असतं." सायकल विकण्याची गोष्ट त्यानंतर घरात निघाली नाही.

वस्तू वापरणे आणि वस्तू ओळखणे, यांत मोठे अंतर आहे. बंद झाकणाखाली काय आहे हे ठाऊक नसते, तोवर माणूस तिच्या चकाकीवर भाळतो, ती बिघडली की नशिबाला बोल लावतो आणि दुरुस्ती म्हणून वरून तेल सोडतो. एकदा ती भागाभागांनी ओळखली, म्हणजे कोणता भाग कशासाठी आहे, कोणता गेला तर चालेल आणि कोणता गेला तर जिवावर बेतेल, याचा विवेक येतो. मग नवी वस्तू घेतानाही तो विवेक सोबत असतो. त्या मुलीला शॉकअप मिळाला नाही, उलट होता तोही गेला. तरी त्या दिवशी टपरीतून ती पूर्वीपेक्षा अधिक काही घेऊन परतली, यात संशय नाही.

आता ती ओल्या वाळूवर सायकल नेत नाही. आईकडे जावयाचे झाले, तर रस्त्याच्या कडेला ती उभी करून खाली चालत जाते. पावसातून आल्यावर चिमट्याचे जोड कोरड्या फडक्याने पुसते. आणि रोज सकाळी, धाकटा भाऊ कॅरियरवर चढण्यापूर्वी, ती पुढचा ब्रेक दाबून धरते, जोडावर बोट ठेवते आणि सायकल एकदा मागेपुढे हलवून पाहते. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. बोटाखाली ठोका लागला नाही, की ती भावाला म्हणते, "बस."